मोहल्ल्याचा इतिहास मोहल्ल्यापर्यंत कसा न्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाल-शुक्रवारी या नागपूरच्या जुन्या भागातल्या पंधरा-वीस जणांनी शहराचा इतिहास लोकांना सांगायचे ठरवले. त्यात कॉलेजची मुले आहेत, दोन निवृत्त शिक्षिका आहेत, छपाईचे दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी दोन वारसा फेऱ्या काढल्या. पहिलीला गर्दी झाली, दुसरीला घरचेच लोक आले. झिरो माइल, सीताबर्डीचा किल्ला, दीक्षाभूमी, हायकोर्टाची इमारत हे सगळे दाखवून झाले. आता पुढे काय करायचे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपल्या शहराबद्दल आपलेपणा वाटेल असे काय करता येईल?

मी या कामात बरीच वर्षे आहे, आणि मला उत्तर अगदी स्पष्ट दिसते. फेऱ्या बंद करू नका, पण शहर सोडा आणि मोहल्ला धरा. तुमच्या दुसऱ्या फेरीला लोक आले नाहीत याचे कारण लोकांची उदासीनता नाही. महालात राहणारा माणूस झिरो माइलवरून रोज जातो. त्याला तिथे नेऊन तुम्ही जे सांगितले त्यात तो नव्हता, त्याचा आजा नव्हता, त्याची गल्ली नव्हती. ऐकायला बरे वाटले, पण पुन्हा यावे असे त्यात काही नव्हते. त्याच माणसाला गांधी गेटपाशी उभे करा आणि १८१७ चा डिसेंबर सांगा.

तो सांगण्यासारखाच आहे. सीताबर्डीची लढाई सगळ्यांना माहीत असते: २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सुरू झाली, २७ ला दुपारपर्यंत संपली, इंग्रजांच्या जेमतेम दीड हजाराच्या आसपासच्या फौजेने टेकड्या राखल्या आणि आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथेच थांबते. शहर मात्र थांबले नव्हते. १६ डिसेंबरला पुन्हा लढाई झाली आणि भोसल्यांची छावणी गेली, तरी भोसल्यांच्या चाकरीतले अरब सैनिक महालाच्या तटबंदीत ठाण मांडून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर हल्ला चढवला, तो या सैनिकांनी परतवून लावला. शेवटी त्यांच्याशी बोलणी करावी लागली आणि ते ठरलेल्या अटींवर डिसेंबर संपता संपता शहराबाहेर पडले. हा जुम्मा दरवाजा म्हणजेच आजचे गांधी गेट. त्याच्या खालून तुमच्याकडची मुले शाळेत जातात, रिक्षा जातात, वरातीही जातात. तिथे उभे राहून हे ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. तो लगेच विचारतो, ‘भाऊ, मग तट कुठून कुठे होता?’ असा प्रश्न आला की फेरी खऱ्या अर्थाने सुरू झाली समजा. पुढच्या रविवारी तटाच्या खुणा शोधायला तोच तुमच्यासोबत येतो.

म्हणून माझा पहिला आग्रह आहे की एका फेरीत एकच किलोमीटर घ्या आणि थांबे पाच-सहाच ठेवा. गांधी गेट, गांधीसागर, जुना भोसले वाडा, कल्याणेश्वर मंदिर, एखादे जुने लाकडी कोरीव खांबांचे घर आणि एखादे जुने दुकान, ज्याचा मालक स्वतः बोलेल. मोठा भोंगा नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने. सकाळी सातला निघा, नऊच्या आत संपवा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांनाही झेपते आणि गल्लीत गाड्याही कमी असतात. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो आणि लगेच सीताबर्डीच्या लढाईची तारीख येते; वर्षाचा मोठा कार्यक्रम तिथेच बसवा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तो सामान्य लोकांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच पाहायला मिळतो, त्यामुळे तिथली फेरी तुमच्या सोयीने ठरवता येणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि बहुतेक मंडळे ती टाळतात. सांगण्याआधी गोळा करा. उन्हाळ्यात फेरी काढणे शक्य नाही, तेव्हा मार्च ते जूनच्या दुपारी घरोघरी जा. बाहेर पंचेचाळीस डिग्री असते, म्हातारी माणसे कूलरसमोर बसलेली असतात, त्यांना वेळ असतो आणि बोलायला कोणी हवे असते. एका घरी दोघांनीच जायचे, एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने रेकॉर्डिंग सांभाळायचे. सुरुवातीलाच परवानगी विचारा आणि ती रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या. ‘जुन्या काळाबद्दल सांगा’ असा प्रश्न कधी विचारू नका, त्याला एकच उत्तर येते, तेव्हा सगळे चांगले होते. त्यापेक्षा असे विचारा: पाणी कुठून भरायचे? नळ किती वाजता यायचा? लग्नाचे कापड कोणाकडून घेतले? दंगल किंवा पूर आला तेव्हा कोणाच्या घरी गेला होता? गिरणीचा भोंगा किती वाजता व्हायचा?

गिरणीचे मी मुद्दाम म्हटले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली, टाटांच्या पोलादाच्या कितीतरी आधी. कामगारांसाठी पेन्शन फंड, अपघाताची भरपाई, पुढे प्रॉव्हिडंट फंड, हे त्या गिरणीत कायद्याने सक्ती होण्याच्या खूप आधी आले. गिरणी आता नाही. तिथे काम केलेली माणसे मात्र महालात, इतवारीत, पाचपावलीत, टिमकीत अजून आहेत, आणि ती दरवर्षी कमी होत आहेत. एका कामगाराकडे किती माग असायचे, पाळी बदलताना काय व्हायचे, बोनस मिळाला की इतवारीतून काय आणायचे, हे कोणत्याही गॅझेटिअरमध्ये नाही. तुमच्याकडे एकाच उन्हाळ्याची ताकद असेल तर ती या माणसांवर खर्च करा. देवळे आणि दरवाजे पुढच्या वर्षीही असतील.

रेकॉर्डिंग आठवड्याच्या आत उतरवून काढा. सहा महिन्यांनी उतरवू म्हटले की ते कधीच होत नाही. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, वस्ती आणि बोलणाऱ्याचे नाव टाका, दोन ठिकाणी प्रती ठेवा. घरातले जुने फोटो कधीही सोबत घेऊन जाऊ नका. त्यांच्याच घरी, त्यांच्याच टेबलावर स्कॅन करा किंवा उजेडात नीट सरळ धरून मोबाइलने काढा आणि फोटो तिथेच परत द्या. फोटोत कोण आहे ते डावीकडून उजवीकडे विचारून लिहा. नावे नसलेला फोटो दोन पिढ्यांनी कोणाच्याच कामाचा राहत नाही.

आता खरेपणाबद्दल, कारण अभिमानाच्या कामात इथेच सर्वात जास्त घसरायला होते. तुम्ही जे सांगाल त्याच्या तीन वह्या करा. पहिल्या वहीत कागदाचा आधार असलेले, दुसरीत माणसाने स्वतः पाहिलेले आणि सांगितलेले, तिसरीत ऐकीव. तिन्ही लोकांना सांगा, पण प्रत्येक वेळी कोणत्या वहीतले आहे ते उघड म्हणा. उदाहरण देतो. महात्मा गांधींना १९२३ मध्ये सीताबर्डीच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. गांधीजींना मार्च १९२२ मध्ये शिक्षा झाली आणि ते फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटेपर्यंत कैदेत होते, ते येरवड्याला. मग १९२३ मध्ये ते नागपूरच्या किल्ल्यात कसे असतील? ही तारीख तपासायला कोणालाही दहा मिनिटे लागतात. आणि ती कहाणी सोडल्याने नागपूरचे काही कमी होत नाही, कारण त्याच १९२३ साली गांधीजी तुरुंगात असताना इथे झेंडा सत्याग्रह झाला. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या स्वयंसेवकांना पकडत होते, देशभरातून माणसे तुरुंगात जायला नागपूरला येत होती. जमनालाल बजाजांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि ती रस्त्यावर चालून दाखवता येते.

झिरो माइलचेही तसेच. तो भारताचा मध्यबिंदू आहे असे सगळे सांगतात. पक्के एवढे आहे की तिथे १९०७ चा सर्व्हे खात्याचा उंचीचा मानक दगड आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फुटांवरचा, ज्यावरून आसपासच्या उंच्या मोजल्या जायच्या. शेजारच्या खांबावर हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतुल अशा गावांची मैलांतली अंतरे कोरली आहेत. मुलांना तिथे नेलेच तर मध्यबिंदूचे भाषण करू नका, ती अंतरे त्यांना वाचून वहीत उतरवायला सांगा आणि नकाशावर ती गावे शोधायला लावा. यातल्या जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतुलकडे पाहिले की नागपूर एकेकाळी कुठल्या मुलखाची राजधानी होती हे आपोआप कळते.

कागद कुठे मिळतील, असे तुम्ही विचाराल. नागपूर जिल्ह्याचे १९०८ चे इंग्रजी गॅझेटिअर आणि १९६६ ची नंतरची आवृत्ती, दोन्ही बघा. नागपुरात राज्य पुराभिलेखागाराची शाखा आहे. तिथे आधी अर्ज करून जा आणि नेमका विषय व साल घेऊन जा. मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासूनचा आहे. सीताबर्डीच्या आणि महालाच्या जुन्या वाचनालयांत वर्तमानपत्रांच्या फायली चाळायला मिळतात का ते पाहा. ‘हितवाद’ १९११ पासून निघतो, म्हणजे शंभर वर्षांहून जास्तीचे नागपूर त्यात आहे. निवृत्त शिक्षिका या कामाला सोन्यासारख्या असतात. मुलांकडे उत्साह असतो, पण फाइल दोन तास सलग वाचायची सवय त्यांनाच असते.

मारबतीसारख्या चालत्या परंपरेबाबत वेगळी काळजी घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाचे प्रतीक असलेले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, लाखोंनी लोक रस्त्यावर असतात. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून असल्याचे तिथली मंडळे सांगतात. सांगताना ‘मंडळे सांगतात’ एवढे जोडा. त्या दिवशी भाषणे नकोत. आधी महिनाभर मूर्ती घडते तिथे जा, बांबूचा सांगाडा कोण बांधतो, कागद कोण चिकटवतो, बडग्यावर (मारबतीसोबत निघणाऱ्या पुरुषाच्या पुतळ्यावर) यंदा कोणत्या विषयाची घोषणा लिहायची हे कसे ठरते, ते टिपून ठेवा. हे दरवर्षी केले तर दहा वर्षांत नागपूरकरांना कशाकशाचा राग येत गेला याची नोंदच तुमच्याकडे तयार होईल. असे दुसरे साधन मला या शहरात माहीत नाही.

आता जरा अवघड विषय. ‘आपला इतिहास’ म्हणताना त्यात कोण येते, याचा विचार पहिल्याच बैठकीत करा. नागपूर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, १७०२ च्या सुमारास, बारा वाड्या एकत्र करून. चांद सुलतानाने इथे राजधानी आणली, तट बांधला, जुम्मा तलाव म्हणजे आजचा गांधीसागर केला. भोसले त्यानंतरचे. तरी कितीतरी फेऱ्या रघूजी भोसल्यांपासून सुरू होतात आणि गोंड राजांना एका वाक्यात संपवतात. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने रघूजी राजांची तलवार मिळवली तेव्हा सगळ्या शहराला आनंद झाला, मलाही झाला. तेवढ्याच आनंदाने गोंड राजाचा किल्ला दाखवा. महालातच आहे, पायी जाण्याच्या अंतरावर.

आणि महालाच्या वेशीबाहेरही पाहा. कस्तुरचंद पार्कवर १९२० मध्ये बहिष्कृत वर्गांची अखिल भारतीय परिषद झाली, शाहू महाराज अध्यक्ष होते. २० जुलै १९४२ ला मोहन पार्कमध्ये दलित महिलांची परिषद झाली, तिथे हजारो बाया आल्या आणि बाबासाहेब त्यांच्याशी बोलले. जाईबाई चौधरींनी, एकेकाळी ओझी वाहून पोट भरलेल्या बाईने, १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी शाळा काढली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेमागे हे सगळे उभे आहे. दीक्षाभूमीवर फक्त स्तूपाचे मोजमाप सांगणाऱ्या फेरीला काही अर्थ नाही. विणकर हलबा-कोष्टी, गिरणीतले मुस्लिम जॉबर (कामगारांचे मुकादम), इतवारीतले मारवाडी आणि जैन व्यापारी, मोहननगर-सदरकडची ख्रिस्ती घरे, यांच्यापैकी कोणी तुमच्या पंधरा जणांत आहे का? नसेल तर आधी त्यांच्याकडे चहाला जा. त्यांच्या वस्तीची फेरी त्यांनाच काढू द्या, तुम्ही श्रोते म्हणून जा. झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकाशी, जिथे गोवारी समाजाच्या २३ नोव्हेंबर १९९४ च्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत गेलेल्या ११४ जणांची आठवण आहे, थांबायला संकोच करू नका. शहरावर प्रेम असले की त्याच्या दुःखाच्या जागाही आपल्याच असतात.

स्वच्छता मोहिमांबद्दल कळकळीने सांगतो, कारण इथे चांगल्या मनाने मोठे नुकसान होते. जुन्या दगडावर तारेचा ब्रश, ॲसिड, सिमेंट किंवा ऑइलपेंट कधीही लावू नका. दगडाच्या भिंतीतून ओल बाहेर पडायला वाट लागते. वरून सिमेंट किंवा रंग बसला की ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे निघतात. शिलालेखाची अक्षरे दिसावीत म्हणून त्यात खडू किंवा शेंदूर भरू नका. संध्याकाळी बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाका, अक्षरे आपोआप उठून दिसतात. कचरा उचला, गवत हाताने काढा, पण भिंतीत रुजलेल्या पिंपळाला हात लावण्याआधी जाणकाराला बोलवा, कारण मुळासकट ओढला तर दगडही सोबत येतो. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत आहे का ते आधी पाहा. यादीतल्या वास्तूला साधा माहितीफलक लावायलाही परवानगी लागते.

काटोल रोडला जुनापाणीची शिळावर्तुळे पाहायला मुलांना जरूर न्या. लोहयुगातल्या माणसांची ती दफने आहेत, एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे उत्खनन केले होते, आणि आज ती जागा संरक्षित आहे. तिथून खापराचा तुकडाही खिशात घालायचा नाही, हे बसमध्येच सांगा. कुठेही जमिनीतून जुनी वस्तू निघाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. कोणाच्या घरी जुनी दगडी किंवा धातूची मूर्ती असेल तर तिची नोंदणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली आहे का, हे त्या कुटुंबाला शांतपणे विचारा. त्या मूर्तीचा फोटो पत्त्यासकट सगळीकडे पाठवू नका. चोर तो वाचतात.

पाण्याचा विषय तुमच्या दारातच आहे. भोसल्यांनी आणि त्यांच्या आधीच्यांनी हे शहर तलावांवर उभे केले. गांधीसागर, सक्करदरा, सोनेगाव, फुटाळा, नाईक तलाव, लेंडी तलाव आणि त्यांच्या नंतरचा, १८७० च्या सुमाराचा अंबाझरी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, नाग नदी घराघरात शिरली, तेव्हा जुने नकाशे पाहिलेल्यांना पाणी कुठून जाईल ते माहीत होते. तेव्हा इतिहासाचे काम आणि नागरिक म्हणून करायचे काम वेगळे ठेवू नका. गांधीसागराची फेरी काढलीत तर त्याच दिवशी तलावात कुठले नाले येतात, कुठला सांडवा बुजला आहे, काठ कुठे खचला आहे याचे फोटो आणि तारखा नोंदवा. महापालिकेच्या झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीन महिन्यांनी तीच जागा पुन्हा पाहा. तलावाचा अडीचशेहून जास्त वर्षांचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याची तक्रार अधिकारी वेगळ्या गंभीरपणे ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

मंडळ चालवण्याबद्दल थोडेच. संस्थेची नोंदणी पहिल्या वर्षी करू नका. हिशेबाची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा, चहाचे वीस रुपयेही त्यात लिहा. नगरसेवक आले तर आदराने बसवा, पण फेरीत कोणत्याच पक्षाचा फलक नको आणि निवडणुकीच्या महिन्यात फेरीच नको. कॉलेजची मुले दोन वर्षांत पुण्याला, बेंगळुरूला जातात. ते धरून चाला, आणि प्रत्येक मुलामागे मोहल्ल्यात राहणारी एक गृहिणी किंवा दुकानदार जोडा. माहिती मुलाच्या लॅपटॉपवर नको, सगळ्यांच्या हाती लागेल अशा ठिकाणी हवी. छपाईवाल्या काकांना विनंती करा: वर्षातून एकदा सोळा पानांची पुस्तिका, काळ्या-पांढऱ्यात, जिच्यात त्या वर्षी बोललेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत असतील, वऱ्हाडी बोलीसकट. पहिली प्रत बोलणाऱ्याच्या घरी नेऊन द्यायची. एक प्रत वाचनालयात, एक जवळच्या शाळेत.

शाळेला गेलातच तर व्याख्यान देऊ नका. सातवी-आठवीच्या मुलांना एकच गृहपाठ द्या: तुझ्या गल्लीत सर्वात जास्त वर्षे राहणारे कोण आहे, त्यांना जाऊन पाच प्रश्न विचार. पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्या दारी जायचे त्याची यादी तुम्हाला त्या वह्यांतून मिळेल. यंदाच्या जानेवारीतच एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून ठेवा. मार्चमध्ये परीक्षा लागतात, मग जुलैपर्यंत कोणी ऐकत नाही.